भिंत हलतेय का बघा

नाटक कंपनीत त्याला सगळे खांब म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ती वही उंदरांनी पानापानाने वाचून संपवली आणि नव्या वहीत व्यवस्थापकाने सरळ 'खांब' असंच लिहून टाकलं. वयाने लहान असलेले 'खांबकाका' म्हणत, बरोबरीचे 'खांबा' अशी हाक मारत. बायको 'अहो' म्हणे. रागावली की मात्र तीही 'अहो खांब' म्हणायची, आणि त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे त्याला एकतीस वर्षांच्या संसारात कळलेलं नव्हतं.

हे नाव त्याने नुसतं उभं राहून कमावलं होतं.

त्याचं काम पडद्यामागचं. कंपनीचं जे नाटक गेली अकरा वर्षं चालत होतं, त्याच्या दुसऱ्या अंकात पंचेचाळीस सेकंदांचा अंधार होतो. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा वेळ खोकून घ्यायचा आणि शेजाऱ्याला 'तो तिचा दीर का नवरा?' असं विचारून घ्यायचा. पडद्यामागच्यांच्या दृष्टीने ती लढाई. नायिकेचं सासर उचलून बाहेर न्यायचं आणि माहेर आत आणायचं. जेवणाचं टेबल, चार खुर्च्या आणि लोखंडी पलंग एका विंगेतून बाहेर. लाकडी बाक, पुस्तकांचं कपाट आणि वडिलांची आरामखुर्ची दुसऱ्या विंगेतून आत. दोन गडी मदतीला असत, पण पलंग खांब एकटा उचलायचा. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे मधली भिंत. बारा फूट उंच, लाकडी चौकटीवर प्लाय ठोकलेली, खाली चाकं. एका बाजूने सासरसारखी निळी, दुसऱ्या बाजूने माहेरसारखी पिवळी, मधे एक खरंखुरं दार. ती गर्रकन फिरवायची आणि मागून धरून उभं राहायचं. अंकात ती दोनदा फिरते, म्हणून तिला टेकू ठोकता येत नाही. टेकू म्हणजे खांब.

पिवळ्या बाजूला एक कॅलेंडर टांगलेलं असे. ह्या प्रवेशात नायिका दार धाडकन आपटून वडिलांचं घर सोडते, त्या वेळी भिंत तर सोडाच, ते कॅलेंडरसुद्धा हलत नसे. दुसऱ्या कंपन्यांची माणसं मुद्दाम तिकीट काढून ते कॅलेंडर बघायला येत, असं खांब सांगायचा. एकदा एक माणूस आला होता हे खरं आहे. तो कॅलेंडर छापणारा होता.

कंपनी ज्यांनी काढली ते मालक आता फोटोत होते. मेकअपच्या खोलीत आरशाच्या वर त्यांचा फोटो होता, आणि कुणाची तरी चूक नुकतीच सापडल्यासारखे ते फोटोतूनही बघत. त्यांचा एक नियम होता : 'उजेड आला की मागचा माणूस मेला.' म्हणजे दिवे लागले की पडद्यामागे कुणी हलायचं नाही, खाजवायचं नाही, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायचा नाही. लाकडी रंगमंच तो. एक फळी कुरकुरली तर बाराव्या रांगेत ऐकू जाते. बाकीच्यांनी हा नियम मालक होते तोवर पाळला. खांबाने मालक गेल्यावर जास्तच पाळला. ह्या नियमापायी त्याने आजवर अकरा गडी घरी पाठवले होते. त्यांतल्या एकाला तर, 'शिंक घरी देऊन ये, मग बघू,' असं म्हणून पाठवला, तो परत आलाच नाही.

आणि अशा माणसाला एका रविवारी दुपारी, भरल्या थिएटरात, भोवळ आली.

झालं असं. पंचेचाळीस सेकंदांत सासर गेलं, माहेर आलं, भिंत फिरली. खांबाने दोन्ही हातांनी चौकट धरली, पाय जोडले, धापा गिळल्या आणि तो मेला, म्हणजे नियमाप्रमाणे. दिवे लागले. पहिलं अर्धं मिनिट बरं गेलं. मग कुणीतरी लांबून कानात शिट्टी वाजवायला लागलं. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, त्या ठिपक्यांना शेपट्या फुटल्या. हातपाय आपले नसून शेजाऱ्याकडून मागून आणलेत असं वाटायला लागलं. डोकं तर इतकं हलकं झालं, की सोडलं असतं तर वर जाऊन दिव्यांना चिकटलं असतं. कशाला तरी टेकलं पाहिजे एवढंच त्याला कळलं, आणि टेकायला त्या क्षणी जगात एकच वस्तू होती.

पुढे रंगमंचावर नायिका हुंदके देत सांगत होती, "बाबा, आता ह्या घराशिवाय मला आधार नाही!"

आणि ते घर तिच्या अंगावर यायला लागलं.

वडिलांचं काम करणारा नट मुरलेला. तो आरामखुर्चीतून उठला, भिंतीला पाठ लावली आणि कण्हत म्हणाला, "पोरी, हे घरही आता थकलंय गं."

जिथे रुमाल निघायचे तिथे टाळ्या आणि शिट्ट्या आल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना हसून हसून ठसका लागला. कॅलेंडर घड्याळाच्या लंबकासारखं डोलत होतं. शेवटी नायिकेने दार आपटलंच नाही. घरात बाळ झोपलंय अशा बेताने हळूच लावून घेतलं आणि ती गेली. बाप मुलीला तोडतो तो प्रवेश, आणि प्रेक्षक शेवटपर्यंत खुसखुसत होते.

पडदा पडल्यावर मदतीच्या दोन गड्यांनी खांबाला बाकावर आडवा केला. पाच मिनिटांत तो ठणठणीत होऊन उठून बसला, तोवर त्याच्या भोवती बैठक जमली होती. प्रकाशवाला म्हणाला, "हा अर्थिंगचा दोष. काका रबरी चपला घालत नाहीत." मेकअपवाल्याने खांबाची खालची पापणी ओढून पाहिली आणि, "रक्त पातळ झालंय," असं ठामपणे सांगितलं, त्याचा रक्ताशी संबंध लाल रंगाच्या बाटलीपुरता. प्रॉम्प्टर म्हणाला, "चष्मा बदला." सगळ्यांचं बोलून झाल्यावर दिग्दर्शक आला. वय चाळीस, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. ह्याच खांबाच्या हाताखाली त्याने कधी काळी खुर्च्या उचलल्या होत्या, त्यामुळे रागवायचं कसं हा त्याला प्रश्न.

"काका," तो म्हणाला, "पुढच्या रविवारपासून तुम्ही बाहेर दारावर बसा. तिकिटं बघायची. खुर्ची आहे, पंखा आहे."

"आणि भिंत?"

"लोखंडी टेकू करून घेतो. चाप लावला की बसला. वेल्डरला बोलावलंय."

घरात सवत येणार असं ऐकल्यासारखा खांब त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, शर्ट खोचला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी भिंतीमागे मी असणार. टेकूला सांगा दारावर बसायला. त्याला पंखा आवडेल."

"काका, चक्कर आली तुम्हाला!"

"आली आणि गेली. मी इथेच आहे."

"शनिवारी टेकू लावून तालीम आहे," दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या आवाजात दिलगिरी होती, पण माघार नव्हती.

खांब घरी आला. घर म्हणजे बायकोचं इस्त्रीचं दुकान आणि त्याच्या मागच्या दोन खोल्या. त्याने तिला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मेकअपवाल्याच्या घरचे कपडे तिच्याकडेच इस्त्रीला येत, आणि कपड्यांबरोबर बातमीही येई.

रात्रभर विचार करून त्याने निदान केलं : अशक्तपणा. उपाय : व्यायाम. सोमवारी सकाळी तो जिना पाच मजले दोनदा चढला-उतरला, दुकान उघडायच्या आधी त्यात पन्नास उठाबशा काढल्या. इथवर कुणीही शहाणा माणूस करील तेच. पण खांब पडला कसलेला कारागीर. त्याला वाटलं, ताकद आली, आता खरी कसोटी. उठाबशा संपताक्षणी त्याने कपड्यांचं उंच कपाट दोन्ही हातांनी धरलं, पाय जोडले आणि मेला. अर्ध्या मिनिटात शिट्टी. मग शेपटीवाले ठिपके.

'व्यायाम कमी पडला,' त्याने ठरवलं.

मंगळवारी पंचाहत्तर उठाबशा. ठिपके जास्त ठसठशीत. बुधवारी शंभर. बुधवारी बायको चहाचे कप घेऊन दुकानात आली, तेव्हा नवरा कपाटाला धरून पांढराफटक उभा होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत सावकाश, अगदी मानाने, कुठल्याशा हॉटेलच्या वेटरांच्या पंचवीस कडक इस्त्री केलेल्या शर्टांवर आडवा झाला.

"अहो, हे काय चाललंय?"

"सराव," शर्टांमधून आवाज आला.

"कसला? पडायचा? तो जमलाय. आता उठू नका, तसेच पडून राहा." तिने त्याचे पाय उचलून कपड्यांच्या गाठोड्यावर ठेवले. रंग परत आला तशी ती म्हणाली, "चला डॉक्टरकडे."

"मला काही झालेलं नाही."

"तुम्हाला नसेल. माझ्या पंचवीस शर्टांना झालंय. चला, अहो खांब."

डॉक्टरीणबाई त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर बसत. वयाने एवढ्या लहान की खांबाने आधी त्यांनाच विचारलं, "डॉक्टर आहेत का?" त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्याला झोपवून रक्तदाब घेतला, उभं करून घेतला, छातीला तारा लावून कागदावर हृदयाचा आलेख काढला आणि तो बराच वेळ बघितला. ह्या वेळात बायकोने पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली होती.

"हृदय चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोरी सुटली. "आता सांगा. धावपळ चालू असताना चक्कर येते? छातीत दुखतं, धडधडतं?"

"छे! काम करताना मी घोडा असतो."

"म्हणजे थांबल्यावर येते. उठाबशा झाल्यावर तुम्ही काय करता?"

"मरतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग खांबाने त्यांना मालकांचा नियम सांगितला. सांगताना तो उभा राहून दाखवायला लागला, तेव्हा बायकोने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं.

"प्रयोगाच्या दिवशी पाणी किती पिता?"

"सकाळनंतर थेंब नाही. बाथरूम रंगमंचाच्या पलीकडच्या बाजूला आहे. प्रयोग सुरू झाल्यावर तिथे जायचं तर नायिकेच्या माहेरातून जावं लागतं."

"आणि जेवण?"

"रिकाम्या पोटी चपळाई राहते."

बायकोने छताकडे पाहिलं.

"काका, ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही पलंग उचलून पळता, तेव्हा पायांच्या स्नायूंना रक्त जास्त लागतं. तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरभरून खाली जातं. ते परत वर आणायचं काम एकटं हृदय करत नाही, पोटऱ्याही करतात. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. तुम्ही एकदम पुतळा झालात की पोटऱ्या सुट्टीवर. रक्त खालीच बसून राहतं, डोक्याला पुरत नाही. त्यात अंगात पाणी नाही, पोटात अन्न नाही, वर दिव्यांची आग."

"म्हणजे डोकं उपाशी आणि पाय पंगतीला बसलेत."

"अगदी तसंच."

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"

"शरीराने सांभाळून घेतलं. आता त्याचं वय झालं, ते तक्रार करतंय."

"औषध द्या."

"औषध नाही. जोराचं काम झालं की एकदम थांबायचं नाही. पाचेक मिनिटं हळूहळू चालत राहायचं. आधी पाणी प्यायचं, थोडं खायचं. डोकं हलकं वाटलं तर बहादुरी न दाखवता खाली बसायचं, जमलं तर आडवं होऊन पाय वर करायचे. आणि काम चालू असताना चक्कर आली, छातीत दुखलं किंवा शुद्धच गेली, तर लगेच इकडे. धावत नव्हे, गाडीने."

"भिंतीमागे चालता येत नाही."

"मग भिंत सोडा."

"भिंत सोडणार नाही!" खांब एवढ्या जोरात म्हणाला की बाहेर बसलेलं एक मूल रडायला लागलं.

"मग नियम सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'चपला बाहेर काढा' इतक्या साध्या आवाजात.

खांब दुकानात स्टुलावर येऊन बसला. नियम सोडा! अकरा गडी त्याच्या डोळ्यांपुढून ओळीने गेले, शिंकवाला सगळ्यात शेवटी. सोडायचा कसा नियम? मालकांनी त्याला खांब म्हटलं ते ह्या नियमाच्या जिवावर. हलणाऱ्या खांबाला जगात काय म्हणतात?

समोर बायको इस्त्री करत होती. पाणी शिंपडायची, शर्ट पसरायची, इस्त्री फिरवायची, घडी करायची. टेबलावर सगळं कसं सरळ रेषेत. खांबाची मान खाली होती म्हणून, नाहीतर त्याला ते कधी दिसलं नसतं. टेबलाखाली तिची पावलं चालली होती. डावी टाच वर, उजवी खाली. उजवी वर, डावी खाली. न थांबता, न घाई करता, जागच्या जागी. आणि वर शर्टाच्या कॉलरला एक सुरकुती नाही.

"अगं, तू हलतेस," तो म्हणाला.

"मग काय पुतळा होऊन इस्त्री करू?"

"किती वर्षं हलतेस?"

"लग्न झाल्यापासून. तुम्हाला आज दिसलं, अभिनंदन."

"उभं राहून तुझं डोकं फिरतं का गं?"

"उभं राहून नाही. तुमच्याशी बोलून फिरतं."

खांब उठला. जिना चढला, उतरला, उठाबशा काढल्या, कपाट धरलं; पण मेला नाही. टाच वर, टाच खाली. कपाट खडखडलं, दारं उघडली, कुणाचीतरी पँट बाहेर आली. पण शिट्टी आली नाही, ठिपके आले नाहीत. बायकोने काचेचा पेला काठोकाठ भरला आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवला.

"सांडलं तर?"

"सांडलं तर पुसायचं. नाही सांडलं तर प्यायचं. थोडं सांडलं तर उरलेलं प्यायचं."

गुरुवारी पेला तीनदा सांडला. एकदा खांबाच्या डोक्यावर, त्याची डोक्याला गरज होतीच. अडचण अशी होती, की कमरेच्या खाली माणूस चालता हवा आणि वर भिंत. टाच उचलली की खांदा तिची चौकशी करायला वर येई. शुक्रवारी त्याने बुटांना रजा देऊन जाड लोकरीचे मोजे चढवले, गुडघे जरा सैल सोडले, आणि हातांना सांगितलं की खाली काय चाललंय ह्याच्याशी तुमचा संबंध नाही. पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं. शनिवारी सकाळी ते आरशासारखं होतं. बायकोने स्टुलावर चढून खात्री केली, पेला खाली काढला आणि त्याच्या हातात दिला. तोही आज्ञाधारकपणे प्यायला. तीन दिवसांत त्याने जेवढं पाणी रिचवलं तेवढं मागच्या वर्षभरात रिचवलं नसेल.

शनिवारी तालमीला टेकू आला होता. काळा, तेल लावलेला, रुंद खांद्यांचा. दोन गड्यांनी तो उचलून आणला, भिंत फिरल्यावर तिच्या मागे लावला, चाप बसवला. नायिका तयार उभी होती. बाई पन्नाशीच्या, नाटकात पंचविशीच्या, आणि मधलं अंतर मेकअपवाला दर प्रयोगाला दोन तासांत कापायचा. त्यांनी दार आपटलं.

भिंत जागची हलली नाही. पण टेकू वाजला. टण्ण करून, आणि मग बराच वेळ णणण करत. कॅलेंडरने दोन झोके घेतले.

"चालेल," दिग्दर्शक म्हणाला.

"चालेल?" बाई कडाडल्या. "मी घर सोडून चाललेय का शाळा सुटलीय?"

"एकदा मला धरू द्या," विंगेतून खांब म्हणाला.

"काका, आपलं ठरलंय."

"तुमचं ठरलंय. माझं कधी ठरलं?" तोवर त्याने बूट काढलेसुद्धा. "टेकू काढा आणि अंधार करा."

प्रकाशवाला खांबाला भिऊन होता, दिग्दर्शकाला नव्हता. त्याने अंधार केला. टेबल, खुर्च्या, पलंग बाहेर. बाक, कपाट, आरामखुर्ची आत. भिंत गर्रकन फिरली. दिवे लागले. दिग्दर्शक काळजीने भिंतीमागे धावला आणि जागच्या जागी थिजला. नियम आज तो एकटाच पाळत होता.

"काका! तुम्ही हलताय!"

"हो."

"काका, नियम..."

"नियम मला नका सांगू. त्या नियमापायी मी अकरा माणसं हाकललीत, त्यांतल्या एकाला नुसती शिंक आली होती. हलतोय मी. हलणार. माझ्याकडे काय बघता? प्रेक्षक काय इथे मागे बसतात? पुढे जा आणि भिंत हलतेय का बघा."

दिग्दर्शक पुढे गेला. पहिल्या रांगेत बसला. बाईंनी दार आपटलं. मग पुन्हा उघडून पुन्हा आपटलं. तिसऱ्या वेळी तर त्यांनी अकरा वर्षांतले सगळे राग एकत्र करून आपटलं. वरच्या माळ्यावरची दोन कबुतरं उडून गेली. कॅलेंडर भिंतीवर रंगवल्यासारखं गप्प होतं.

"मेलेल्या माणसाने धरलेली भिंत मागच्या रविवारी कलली," भिंतीमागून आवाज आला. "ही जिवंत माणसाने धरलीय."

मग दिग्दर्शकाने विचारायला हवं होतं ते विचारलं. "पण उद्या डोकं पुन्हा फिरलं तर?"

ह्या प्रश्नावर मागच्या रविवारचा खांब भांडला असता. ह्याने टाचा चालू ठेवून विचार केला. "फिरलं तर खाली बसेन. हे दोघे माझ्या बाजूला उभे राहतील, ते धरतील. नाहीतरी उजेड आल्यावर ते मेलेलेच असतात, तेवढं जिवंत राहून करतील."

"आणि टेकूचं काय करू?"

"सांगितलंय की. दारावर बसवा."

रविवारी खांब दुपारचं जेवून आला. आल्यावर एक केळं खाल्लं. पाण्याची बाटली बायकोने दिली होती आणि रिकामी परत हवी म्हणून बजावलं होतं. घंटा होण्याआधी तो रीतसर रंगमंच ओलांडून पलीकडे जाऊन आला. मग गुडघ्यांवर बसून भिंतीमागच्या फळ्या हाताने चाचपल्या. कुठली फळी बोलकी आहे हे त्याला पाठ होतं; त्यांतल्या दोन मुक्या फळ्यांवर त्याने खडूने खूण करून ठेवली.

दुसरा अंक. अंधार. पंचेचाळीस सेकंद. पलंग त्या दिवशी जरा जड वाटला, कारण थिएटर भरलेलं होतं आणि मागच्या रविवारची गोष्ट गावभर झाल्यामुळे निम्मे लोक घर पडताना बघायला आले होते. भिंत फिरली. खांबाने चौकट धरली, पावलं खडूवर ठेवली. दिवे लागले.

अर्ध्या मिनिटाने शिट्टी आली. लांबून, ओळखीची. खांबाच्या पाठीवरून घाम ओघळला. जुनी सवय म्हणत होती : गप्प हो, मर. मालक बघतायत. टाच वर. टाच खाली. 'बाबा, आता ह्या घराशिवाय मला आधार नाही,' पुढून आलं, आणि प्रेक्षागृहात कुणीतरी आधीच फिसकन हसलं. डावी वर, उजवी खाली. शिट्टी आणखी जवळ आली, थबकली, आणि चुकून ह्या गल्लीत शिरल्यासारखी निघून गेली. प्रेक्षागृह गप्प होत गेलं. मग पहिलं नाक ओढल्याचा आवाज आला. मग दुसरं. रुमाल निघाले होते.

धाड!

दार आपटलं. पुढे प्रेक्षकांना काय दिसलं ते खांबाला दिसत नव्हतं, पण हाताला कळलं. भिंत भिंतीसारखी होती.

आणि दारातून बाई मागे आल्या. आता पुढे वडिलांचं चार मिनिटांचं स्वगत, आणि बाईंनी तोवर खांबाशेजारी नियमाप्रमाणे मरून उभं राहायचं. अकरा वर्षं त्या तशाच उभ्या राहत. एवढं रडून, ओरडून, धावून, दार आपटून आल्या आणि थांबल्या. आज पहिल्यांदा खांबाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पावडरच्या खाली चेहरा कागदासारखा होत चालला होता. त्यांनी त्याची बाही घट्ट पकडली.

"बाई," खांब ओठ न हलवता म्हणाला, "टाचा हलवा."

"काय?"

"टाचा. एक वर, एक खाली. माझ्यासारख्या. डोकं जास्त फिरलं तर बसा. लाजू नका."

बाईंनी पायांतल्या सपाता काढल्या आणि टाच उचलली. एक वर, एक खाली. त्यांचं बघून उजवीकडचा गडी हलला. मग डावीकडचा, आधी भीत भीत, खांबाच्या तोंडाकडे बघत. खांब काही बोलत नाही म्हटल्यावर मनापासून. पुढे पिवळ्या उजेडात एक म्हातारा बाप मुलीच्या आठवणीने कोसळत होता, सातशे माणसं त्याच्यासाठी डोळे पुसत होती, आणि मागे चार माणसं ओळीने, आवाज न करता, जागच्या जागी चालत होती. कुठे पोहोचायची घाई नव्हती.

पडदा पडल्यावर बाई मेकअपच्या खोलीत एका घोटात अर्धी बाटली पाणी प्यायल्या. बाटली खांबाचीच.

"खांबदादा," त्या म्हणाल्या, "तिथे उभं राहिलं की दर प्रयोगाला मला भोवळ यायची. मला वाटायचं, मी भूमिकेत शिरते."

"मग आज?"

"आज काही शिरले-बिरले नाही. नुसती उभी होते. फार बरं वाटलं." मग जरा घाबरून, "कुणाला सांगू नका हं. मुलाखतीत सांगून बसलेय मी ते."

खांबाला हसू आलं. त्याने मान वर केली. आरशाच्या वरून मालक बघत होते, कुणाची तरी चूक नुकतीच सापडल्यासारखे. इतक्या वर्षांत त्या फोटोसमोर खांब कधी सरळ मान करून उभा राहिला नव्हता. आज राहिला.

"मालक," तो म्हणाला, "उजेड आला होता. मागचा माणूस जिवंत होता. काय करायचं ते करा."

मालकांनी काही केलं नाही. खाली लोकरीच्या मोज्यांतल्या टाचा चालूच होत्या. पाच मिनिटं व्हायची होती अजून.